बावीस नंबरची सुई

आईची मशीन सात पदरांवर थांबली.
दप्तराचा पट्टा : कॅनव्हासचे दुमडून चार,
मध्ये निवार, वर रेक्झिन दुहेरी.
सोळा नंबरची सुई टक् म्हणाली
आणि तिचं टोक माझ्या चष्म्यावर आपटून
कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही.
चाळीस दप्तरं बाकी. शाळा पंधरवड्यावर.

सियागंजात मुर्तुझाभाईंच्या दुकानी
नव्या मशीनी वऱ्हाडासारख्या ओळीत बसलेल्या,
पांढऱ्या, गुलाबी, दिवे लुकलुकत.
एकीत बावन्न प्रकारचे टाके,
बदकंसुद्धा काढते, म्हणाला पोरगा.
मी पिशवीतून माझे तुकडे काढले.
बदक नको. हे शिव.
तिसऱ्या टाक्याला बदकवाली कण्हली.

मुर्तुझाभाईंनी सोनेरी काठाची टोपी सरळ केली,
तुकडे बोटांत चुरून पाहिले,
मग म्हणाले, भाभी, मागे या.

मागे, पोत्यांच्या आड, ती.
पोलोग्राउंडवरच्या बंद पडलेल्या तंबूच्या कारखान्यातली.
रंग उडालेला, पाठीवर खिळ्याने कोरलेलं :
रामरतन, पाळी दुसरी.
खालचे दात चालतात, वरचा पायही चालतो,
दोघं मिळून कापड पुढे नेतात,
एक ओढतोय आणि दुसरा मागे रेंगाळतोय
असं होत नाही.
(लग्नाला सत्तावीस वर्षं झालीत. मला हे लगेच कळलं.)

रंग पाहू नका, चाक हाताने फिरवा.
फिरवलं. जड, पण अडखळ नाही,
पाट्यावर वरवंटा जावा तसा आवाज.
दांडा धरून हलवा. खुळखुळली तर सोडून द्या,
फुकट दिली तरी.
खुळखुळली नाही.
मोटर मात्र त्यांनीच बदलून दिली :
जुनी, पाय टेकला की उधळणारी,
ही नवी, पायाचं ऐकते.
बाविसाच्या सुया, नायलॉनचा दोरा, एकोणीस हजार,
तेलाची बाटली वरून.

मल्हारगंजात आमचे दोन जिने.
चार हमाल, पुढे भेरूलाल.
दुसऱ्या वळणावर त्याच्या खांद्याचा पट्टा फाटला.
मशीन भिंतीला टेकली, भेरूलाल मशीनला,
आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
खालच्या गर्देकाकूंनी दार उघडलं, पाहिलं, लावून घेतलं.

पहिला दिवसभर मी तिला घाबरून राहिले होते.
कोपऱ्यावर सुटली,
पट्ट्यासकट माझी बाहीही शिवून मोकळी.
उसवताना ब्लेडने बोट कापलं.
मग शिकले :
कोपरा आला की पाय काढायचा,
सुई आत राहू द्यायची, चाक हाताने,
एक टाका.
एक टाका.
टाका लांबच बरा. बारीक टाके
रेक्झिनला भोकं पाडून ठेवतात,
पोस्टाच्या तिकिटासारखं सरळ रेषेत फाटतं.
रात्री सांध्यासांध्याला तेलाचा थेंब,
पायांखाली जुन्या टायरचे तुकडे,
ते गर्देकाकूंसाठी.

एकोणचाळीस झाली तेव्हा दारात भेरूलाल.
पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"इसीने तोड़ा, बाई. यही जोड़े."

घामाने काळा, वाळून कडक,
कडेने मिठाची पांढरी रेघ.
खाली निवारीचं ठिगळ,
वरून चौकोन, चौकोनात फुली.
पहिल्या खेपेला पालथ्या बाजूला दोऱ्याचं घरटं.
उसवलं. वरचा ताण अर्धा फेरा आवळला.
पुन्हा चौकोन. पुन्हा फुली.

त्याने पट्टा जिन्याच्या कठड्याला अडकवला
आणि दोन्ही पाय उचलून लटकला,
पन्नाशीचा माणूस, चिंचेवरच्या पोरासारखा.
कठडा करकरला. शिवण नाही.

किती द्यायचे, विचारलं.
म्हटलं, त्या वळणावरच फिटले.
छावनीत कपाट आहे म्हणाला, लोखंडी, तिसरा मजला,
आणि पट्टा डोक्यावरून घेत उतरला.

चाळिसावं दप्तर तसंच पायाशी.
सुईचं टोक नखावर ओढून पाहिलं.
जरा खरखरलं.
बदलली.